उणे 196 चा शेजार

वैजापूर तालुक्यात मे महिन्याच्या दुपारी पारा 40 च्या पुढे जातो. शिऊर असो, परसोडा असो की बोरसर, त्या वेळी पारावर माणूस दिसत नाही. अशा उन्हातही एखादी मोटारसायकल वस्तीकडे वळते. मागच्या सीटवर गोणपाटात गुंडाळून दोरीने आवळलेला जार असतो आणि त्या जारात उणे 196 अंश सेल्सिअसचे द्रवरूप नत्र. आतल्या आणि बाहेरच्या तापमानात जवळजवळ 240 अंशांचा फरक. मध्ये फक्त दुहेरी भिंतीतली निर्वात पोकळी. वस्तीवर गाय माजावर आलेली असते. मालकाने सकाळीच फोन केलेला असतो.

जार उघडला की तोंडातून पांढरी वाफ सांडते. पोरे पुढे सरसावतात, मालक त्यांना दटावतो. गाय भरवायला आलेला सेवादाता कॅनिस्टर जाराच्या मानेपर्यंत उचलतो, चिमट्याने गोठवलेल्या रेताची पाव मिलिलिटरची एक कांडी काढतो, झटकतो आणि कोमट पाण्यात सोडतो. सगळे शिकवल्याप्रमाणे होते. उरलेल्या कांड्या मानेच्या वर येत नाहीत, पाणी 37 अंशांचे असते, वेळ 30 सेकंदांची. हात मात्र उघडा असतो, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या असतात आणि पायात चप्पल असते.

कांडीला इतके जपणाऱ्या या कामात हात, डोळा आणि पाय यांना कसे जपायचे, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

अतिशीत द्रव म्हटले की अनेकांना श्रीहरिकोटा आठवते. भारतीय बनावटीच्या क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्ही 5 जानेवारी 2014 रोजी यशस्वी झाले, तेव्हा द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत द्रवरूप हेलियम तयार होते. त्याचे तापमान उणे 269. दाभोळला जहाजातून उतरणारा द्रवरूप नैसर्गिक वायू उणे 162 अंशांचा. पण या सगळ्या ठिकाणी कुंपण असते, पहारा असतो, प्रशिक्षित माणसे असतात आणि दाराशी टांगलेले अ‍ॅप्रन असतात. गोठ्यात यातले काहीच नसते. मराठवाड्यातल्या सामान्य माणसाची उणे 196 शी गाठ पडते ती गाईच्या पाठीमागे उभे राहून, शेणाने निसरड्या झालेल्या जमिनीवर.

ही गाठ कशी पडली, त्याची कथा रंजक आहे. 1949 मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्रे स्मिथ आणि अ‍ॅलन पार्क्स या तिघांनी ग्लिसरॉल मिसळल्यास रेत गोठवूनही जिवंत राहते, हे दाखवले. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची गफलत झाली आणि साखरेच्या द्रावणाऐवजी ग्लिसरॉलचे द्रावण वापरले गेले, त्यातून हा शोध लागला असे सांगतात. पुढच्या काळात कोरड्या बर्फाची जागा द्रवरूप नत्राने घेतली आणि वळूला गावोगाव फिरवण्याची गरज संपली. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळी कांचन येथे ‘बाएफ’ची स्थापना केली. गोठवलेले रेत घेऊन शेतकऱ्याच्या दारात जाण्याची पद्धत या संस्थेने राज्याच्या अंगवळणी पाडली. आज पशुधन विकास मंडळाच्या गोठित रेत प्रयोगशाळा पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. तालुक्याला लागणारे जार बनवणारा इंडियन ऑइलचा क्रायोजेनिक कारखानाही दूर नाही, नाशिकला आहे. थोडक्यात, प्रयोगशाळा, जार, नत्राची टाकी, दवाखाना आणि सेवादाता ही साखळी वैजापूरच्या आसपास पूर्ण बांधलेली आहे. अंगावरचा कपडा तेवढा या साखळीत कुणाच्याच वाट्याला आलेला नाही, असे म्हणावे लागते.

याचे एक कारण भौतिकशास्त्रात आहे. तव्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच आटत नाही, नाचतो. खालची बाजू तापून वाफ होते आणि त्या वाफेच्या गादीवर थेंब तरंगत राहतो. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने 1756 मध्ये याचे सविस्तर वर्णन केले. द्रवरूप नत्राच्या दृष्टीने आपला तळहात हा तापलेला तवाच असतो. नत्राचा थेंब कोरड्या, उघड्या हातावर पडला तर त्याच्याखाली वायूची गादी तयार होते आणि तो घरंगळून जातो. गार वाटते, इजा होत नाही. विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात प्राध्यापक हातावर नत्र ओतून टाळ्या घेतात, त्यामागे हेच असते.

आणि इथेच माणूस फसतो. दहा वेळा थेंब उडाला, काही झाले नाही. मग अकराव्या वेळीही होणार नाही असे वाटू लागते. पण ही वायूची गादी टिकते ती थेंब हलता असेपर्यंत. तो कुठे अडकला की संरक्षण संपले. अंगठीखाली, घड्याळाच्या पट्ट्याआड, दुमडलेल्या बाहीच्या घडीत, मोज्यात, बुटात किंवा ओंजळीत साचलेले नत्र त्वचेला चिकटून राहते आणि काही सेकंदांत पेशींमधले पाणी गोठवते. धातूचे भय त्याहून मोठे. नत्रातून नुकत्याच काढलेल्या कॅनिस्टरच्या दांड्याला ओलसर बोट लागले तर कातडी तिथेच चिकटते आणि ओढली तर सोलून निघते. उन्हाळ्यात वैजापुरात कोणाचे बोट ओलसर नसते?

म्हणजे चुकीचा कपडा उघड्या त्वचेपेक्षा वाईट ठरू शकतो. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते, म्हणून तिच्यावर या पुस्तिकेत बरीच पाने खर्च केली आहेत. घरात असतो तो लोकरीचा हातमोजा घ्या. थंडीसाठीच विणलेला, म्हणून माणूस विश्वासाने घालतो. लोकर नत्र शोषून घेते आणि हाताला धरून ठेवते. सुती मोज्याचेही तेच. भांडी घासायचा रबरी मोजा या तापमानाला कडक होऊन तडकतो. वेल्डिंगचा चामडी मोजा त्यातल्या त्यात बरा समजला जातो आणि अनेक कार्यशाळांत तोच वापरतात. पण त्याच्या शिवणीत भोके असतात, चामडे द्रव पिते आणि पुन्हा पुन्हा गोठून ताठर होते. आइस्क्रीमच्या शीतगृहात वापरतात ते जाड मोजेही इथे पुरत नाहीत. थंडीच्या हातमोज्यांसाठी असलेले ईएन 511 हे युरोपीय मानक उणे 50 अंशांपर्यंतच्या थंडीचा विचार करते. नत्र त्याच्याही खाली जवळजवळ दीडशे अंश. दुकानदाराने पाकिटावरचे बर्फाचे चित्र दाखवले म्हणून हुरळून जायचे कारण नाही.

मग योग्य मोजा कोणता? अतिशीत द्रवांसाठी खास शिवलेला. त्याचे बाहेरचे कापड द्रव झटकून टाकणारे असते, मधले थर हवा कोंडून ठेवणारे असतात आणि आतले अस्तर मऊ असते. लांबी मनगटापर्यंत, कोपरापर्यंत किंवा खांद्यापर्यंत मिळते. जार भरण्यासाठी कोपरापर्यंतचा असावा. आणि तो सैल असावा, इतका सैल की हात खाली झटकला की मोजा गळून पडला पाहिजे.

हा सैलपणा शिवणाऱ्याचा दोष वाटतो, पण या सगळ्या पोशाखाचे मर्म त्यातच आहे. जगातला कोणताही हातमोजा उणे 196 अंशांच्या द्रवात बुडवून ठेवण्यासाठी बनवलेला नसतो. शिंतोडा उडाला, थंड नळीला हात लागला, जार कलंडला, अशा वेळी हात मागे घ्यायला आणि मोजा फेकून द्यायला जे चार-दोन क्षण लागतात, तेवढे तो देतो. त्यामुळे मोजा घातला म्हणून नत्रात हात घालून पडलेली कांडी शोधणारा माणूस मोजा न घालणाऱ्याइतकाच अडाणी. पडलेल्या कांडीसाठी लांब चिमटा असतो. तो नसेल तर कांडी गेली असे समजावे. एका कांडीची किंमत बोटापेक्षा जास्त नाही.

बाही मोज्याच्या आत की बाहेर, यावर जुने कामगार वाद घालतात. वाद पोकळ नाही. ओतताना हात खाली असतात, तेव्हा बाही मोज्यावरून असली की उडालेला द्रव बाहेरून ओघळून जातो. बाही आत खोचली तर मोज्याचे तोंड नरसाळे होते. हात डोक्याच्या वर करून झडप फिरवायची असेल तर हिशेब उलटा. द्रवाला आत जायला तोंड मिळू नये, एवढे सूत्र लक्षात ठेवले की दोन्ही बाजूंचे समाधान होते.

पायांना हेच सूत्र लागू पडते. गोठ्यात गमबूट चांगला, नत्राजवळ मात्र सांभाळून. पँट गमबुटात खोचण्याची सवय शेतकऱ्याला आहे, कारण चिखल. नत्र भरताना तीच सवय घातक ठरते. सांडलेला द्रव सरळ बुटात उतरतो आणि तिथे साचतो. पँट बुटावरून सोडलेली असावी, खाली दुमड नसावी. बूट बंद, पण चटकन काढता येईल असा. अ‍ॅप्रन पोटरीपर्यंत लांब आणि बिनखिशाचा. शर्टाला खिसा असेल तर तो अ‍ॅप्रनच्या आत राहील असे पाहावे. चपलेबद्दल काही लिहायलाच नको.

डोळ्यांबाबत मात्र हयगय नाही. हाताची कातडी जाड असते, भरून येते. बुबुळ येत नाही. जार भरताना गरम जारात पहिले नत्र पडते तेव्हा ते खळाळून उकळते आणि तोंडातून शिंतोडे उडतात. दुसरा धोका कमी जणांना माहीत असतो. कांडी नीट बंद झालेली नसेल तर आत नत्र शिरलेले असते. कोमट पाण्यात टाकताच त्याची वाफ होते आणि कांडी फुटते. त्या वेळी सेवादात्याचे तोंड बरोबर पाण्याच्या थर्मासवर वाकलेले असते. नंबरचा चष्मा इथे पुरत नाही. बाजूंनी बंद असलेला चष्मा आणि त्यावर हनुवटीपर्यंतची पारदर्शक ढाल, असा जोड हवा. गोठ्यावर रोज ढाल कोण लावणार, हा आक्षेप रास्त आहे. तिथे निदान बंद चष्मा असावा. पण जार भरताना ढाल नसेल तर भरू नये.

ऑक्सिजनसाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे, त्याचे कारण महाराष्ट्र विसरलेला नाही. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. आवारभर पांढरा ढग पसरल्याची दृश्ये देशाने पाहिली. पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या दिवशी 22 रुग्ण दगावले. त्याच आठवड्यात कळंबोलीहून विशाखापट्टणमला गेलेली रेल्वेची पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस सात टँकर भरून परतत होती. त्यातले काही नागपूरला, काही नाशिकला उतरले. तोपर्यंत टाकी, टँकर, झडप हे शब्द रुग्णांच्या नातेवाइकांच्याही तोंडी बसले होते.

त्या पांढऱ्या ढगाबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. ऑक्सिजन वायू दिसत नाही. दिसते ते हवेतले बाष्प, थंडीने गोठून झालेले धुके. म्हणून ढग विरला तिथे धोका संपला असे नाही. दुसरी गोष्ट कपड्यांची आहे. द्रवरूप ऑक्सिजनचे तापमान उणे 183, म्हणजे नत्राच्या जवळपासचेच, पण त्याच्या ढगातून बाहेर आलेल्या माणसाच्या कपड्यांत ऑक्सिजन मुरलेला असतो. असा कपडा एका ठिणगीने भडकतो. त्यामुळे बाहेर आल्यावर बिडी-सिगारेट, चूल, वेल्डिंग यांपासून निदान अर्धा तास दूर, मोकळ्या हवेत राहावे आणि कपडे बदलावेत. तेल-ग्रीस लागलेला हातमोजा ऑक्सिजनच्या झडपेजवळ नेऊ नये. नत्राच्या कामात चालून जाणारा कळकट मोजा इथे चालत नाही. दोन्ही कामे एकाच संस्थेत होत असतील तर ऑक्सिजनचे मोजे वेगळे ठेवावेत.

आता एका धोक्याचे, ज्याच्यापुढे सगळा पोशाख निरुपयोगी आहे. 1 लिटर द्रवरूप नत्राची वाफ झाली की सुमारे 690 लिटर वायू होतो. 3 लिटरचा जार कलंडला तर 2 हजार लिटरच्या वर. छोट्या मोटारीत, काचा वर करून, मागे जार ठेवून निघालेल्या माणसाच्या दृष्टीने ही संख्या फार मोठी आहे. नत्राला वास नाही, रंग नाही. हवेत 78 टक्के तेच असल्याने शरीराला त्याचे काही वावगे वाटत नाही. गुदमरल्याची जाणीव होत नाही, माणूस सरळ कोसळतो. थंड वायू जड असतो, त्यामुळे तो खाली साचतो आणि कोसळलेला माणूस त्यातच पडलेला राहतो. 28 जानेवारी 2021 रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, गेन्सव्हिल येथील कोंबडी-मांसाच्या कारखान्यात नत्राची गळती होऊन 6 कामगार मरण पावले. त्यांतले काही आधी अडकलेल्यांना पाहायला आत गेलेले होते. हातमोजे, ढाल, अ‍ॅप्रन यांतले काहीही अशा वेळी श्वास देत नाही. तिथे उघडी खिडकी आणि ऑक्सिजनचे प्रमाण सांगणारे यंत्र हाच पोशाख. महाविद्यालये आणि रुग्णालये यांच्यासाठी आणखी एक नियम: नत्राचा जार लिफ्टमधून न्यायचा असेल तर जार एकटा जाऊ द्यावा आणि माणसाने जिना चढावा. जाराचे झाकण हवाबंद करून ‘सुरक्षित’ करण्याचा उत्साहही नको. ते सैल असते ते वाफेला वाट मिळावी म्हणून; वाट बंद केली तर जार फुटतो.

या द्रवाचे कौतुक अलीकडे लग्नाच्या मांडवात पोहोचले आहे. तोंडातून धूर काढणारे पान, धुराची बिस्किटे यांचे स्टॉल लागतात. 2024 मध्ये बेंगळुरूत असे पान खाल्लेल्या 12 वर्षांच्या मुलीच्या जठराला छिद्र पडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. स्टॉलवरच्या पोराच्या हातात प्लास्टिकचा पातळ मोजा असतो, तोही स्वच्छता दाखवायला. त्या प्रकाराचा समाचार घेणे या पुस्तिकेच्या कक्षेबाहेरचे आहे. पण जार कोणाकडून भरून घेतला, हे विचारण्याची सवय पुरवठादारांना लागली तर बरे होईल.

इजा झालीच तर काय करावे, हे शेवटच्या प्रकरणात आहे, इथे थोडक्यात. भाग चोळू नये, शेकोटीवर धरू नये, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. चिकटलेले कापड ओढून काढू नये. 40 अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात तो भाग ठेवावा आणि दवाखाना गाठावा. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून काही झाले नाही असे वाटते. गोठलेला भाग बधिर असतो. वेदना आणि फोड ऊब मिळाल्यावर येतात.

मराठवाड्यात या द्रवाचे काम वाढणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहत आहे. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये तिच्या 2600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. 4 किलोमीटर लांबीच्या तिच्या निर्वात नळ्यांमधले बाष्प पकडायला द्रवरूप नत्राने थंड केलेले पंप लागतात. तिथे पोशाखाचे नियम काटेकोर असतील यात शंका नाही. प्रश्न आहे तो तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा, खासगी सेवादात्याचा आणि दूध संघाच्या गाडीवर नत्र वाटत फिरणाऱ्या पोराचा. त्यांच्याकडे सुरक्षा अधिकारी नाही.

उन्हाचा मुद्दा टाळून चालणार नाही. ही साधने बहुतेक थंड देशांतल्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून घडली. 42 अंशांत तिहेरी अस्तराचा मोजा आणि जाड अ‍ॅप्रन घालून कोणी अर्धा तास उभा राहील, ही अपेक्षा खुळेपणाची आहे. शिवाय घामाने भिजलेले अस्तर उष्णता लवकर जाऊ देते, म्हणजे मोज्याचा गुणच कमी होतो. म्हणून पुढच्या पानांत पोशाखाइतकेच वेळापत्रकावर लिहिले आहे. जार पहाटे किंवा सायंकाळी, सावलीत आणि उघड्यावर भरावा. पोशाख ओतण्याच्या त्या पाच-दहा मिनिटांसाठी चढवावा आणि लगेच उतरवून वाळत टाकावा. मोजे दोन जोड असावेत. ओला जोड कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी त्या दिवशी बाद.

दूध संघ, पंचायत समित्या, पशुवैद्यकीय महाविद्यालये आणि नत्र पुरवठादार यांना एक विनंती आहे. जाराची मागणी नोंदवताना त्याच कागदावर कोपरापर्यंतच्या मोज्यांचे दोन जोड, एक ढाल आणि एक अ‍ॅप्रन लिहावे. नंतर घेऊ म्हटलेली वस्तू सरकारी आणि सहकारी खरेदीत कधी येत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. सेवादात्यांनी आणि विद्यार्थ्यांनी ही पुस्तिका पुढे वाचण्याआधी आपल्याकडे असतील ते हातमोजे घालून दोन्ही हात खाली सोडावेत आणि एकदा जोरात झटकावेत. मोजे जमिनीवर पडले नाहीत, तर ते नत्राच्या कामाचे नाहीत. एक माप मोठे मागवावे.